लेसिक की पीआरके? एकाच डोळ्याची दोन मापं, मदत हवी आहे

उन्हातली_संत्री:
नागपूरकरांनो, डोक्याचं पार भजं झालंय. वय 27, उजवा डोळा मायनस साडेसहा, डावा सहा. दोन वर्षांत नंबर हलला नाही. थंडीत स्कार्फ बांधून गाडी काढली की बर्डीच्या सिग्नलपर्यंत चष्मा धुकटलेला, अन् मेमध्ये घामाने नाकावरून घसरलेला. म्हणून आठ वर्षं लेन्सच वापरून राहिली. आता लेझरने नंबर काढून टाकायचा आहे; लेसिक अन् पीआरके या त्याच्याच दोन पद्धती.

एका ठिकाणी तपासलं. उजव्या डोळ्याचा कॉर्निया, म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच, 503 मायक्रॉन जाड (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). "लेसिक होऊन जाईल, शनिवारी या." तीन आठवड्यांनी दुसरीकडे त्याच डोळ्याचं माप 486 आलं, आणि "लेसिक नको, पीआरके करा." 17 मायक्रॉनने असं काय बिघडतं? लेझर डोळ्यात करतो तरी काय?

चष्मेबहाद्दर:
काहून घाबरता, ताई. माझं पीआरके झालंय, तेव्हा पुष्कळ वाचलं होतं.

मायनस नंबरात प्रतिमा डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या अलीकडेच जुळते. लेझर कॉर्नियाचा मधला भाग घासून सपाट करतो, म्हणजे प्रकाश कमी वाकतो अन् प्रतिमा मागे सरकून पडद्यावर येते. हा एक्सायमर लेझर आजूबाजूचं जाळत नाही, नेमका पापुद्रा उडवतो. आयबीएममधल्या श्रीनिवासन यांनी 1981 साली सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीवर हे आधी करून पाहिलं होतं!

आता हिशेब. 6 मिलिमीटरच्या भागात एका नंबरामागे साधारण 12 मायक्रॉन जातात. साडेसहाला 78. लेसिकमध्ये त्याआधी वरचा थर झाकणासारखा कापून उचलतात, तो धरा 110. 486 मधून दोन्ही वजा केले की उरतात 298. खाली निदान 250, आणि सावध डॉक्टर 300 शिल्लक ठेवतात, नाहीतर कॉर्निया पुढे फुगायची भीती. पीआरकेत झाकणच नाही. वरची नाजूक त्वचा तेवढी काढतात, ती पुन्हा उगवते. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांचं पटतं.

एक विचारतो, पहिल्या तपासणीला लेन्स कधी काढली होती?

उन्हातली_संत्री:
पार्किंगमध्ये. 🙈 दुसऱ्यांनी फोनवरच दोन आठवडे बंद करायला लावली होती.

चष्मेबहाद्दर:
घ्या बाप्पा! लेन्सने कॉर्निया किंचित सुजतो, आकारही बदलतो. मशीन वेगळी असली तरी थोडा फरक पडतो, पण लेन्स घालून काढलेल्या मापावर मी तरी शनिवार धरला नसता. टोपोग्राफीत, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराच्या नकाशात, तो कुठे फुगीर नाही ना, आणि डोळे कोरडे आहेत का, हेही विचारा. दिवसभर कूलरसमोर बसत असाल तर नक्कीच.

आणि मे-जूनमध्ये करू नका. पीआरकेनंतर ऊन लागलं तर कॉर्नियावर धूसरपणा येऊ शकतो, गॉगल काही महिने सुटत नाही. चाळिशीनंतर वाचायला चष्मा लागेल तो लागेलच, तो नंबर वेगळ्या कारणाचा.

उन्हातली_संत्री:
दादा, दिवाळीनंतर लेन्स बंद करून पुन्हा मोजते. दुखतं किती? सुट्टी किती टाकू?

चष्मेबहाद्दर:
पहिले तीन दिवस डोळ्यात तिखट गेल्यासारखं. जखमेवर पट्टीसारखी लावलेली लेन्स चार-पाच दिवसांनी काढतात, त्यानंतरही नजर हळूहळूच उजळते. आठवडा टाका, अन् मोबाइल आईकडे देऊन ठेवा.