परिवर्तनीय कर्जरोख्यांचे समभाग झाले: नोंद बाजारभावाने करावी की पुस्तकी किमतीने?

प्रश्न
आमच्या कंपनीच्या १,००० परिवर्तनीय रोख्यांचे, म्हणजे एकूण १०,००,००० दर्शनी किमतीचे, धारकांनी मूळ अटींनुसार समभागांत रूपांतर करून घेतले. प्रत्येक रोख्यामागे २० समभाग द्यायचे होते आणि समभागाची दर्शनी किंमत १० आहे. त्या दिवशी २८,००० डिस्काउंट (रोखे दर्शनी किमतीपेक्षा कमी भावाने विकल्याची सूट) आणि १२,००० निर्गमन खर्च (रोखे विक्रीस काढण्याचा खर्च) निर्लेखित व्हायचे, म्हणजे टप्प्याटप्प्याने खर्चात टाकायचे, शिल्लक होते, म्हणून पुस्तकी किंमत ९,६०,००० होती. बाजारभाव ६५ असल्याने दिलेल्या समभागांचे मोल मात्र १३,००,००० भरते. सहकारी म्हणतात की फरकाचे ३,४०,००० तोट्यात दाखवावेत. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे नेमके सांगता येत नाही. हिशेब अमेरिकी मानकांनुसार ठेवतो.

प्रतिसाद १
आपली शंका रास्त आहे. रूपांतराचा हक्क रोखे विकतानाच दिलेला होता. धारकाने तो वापरला म्हणून कंपनीने कबूल केल्यापेक्षा काहीही जास्त दिलेले नाही. त्यामुळे देणे ज्या रकमेला पुस्तकात उभे आहे त्याच रकमेला ते भांडवलात जाते आणि नफा-तोटा उद्भवत नाही. कर्जरोखे खाते १०,००,००० ने नावे (डेबिट) करावे. डिस्काउंट २८,०००, निर्गमन खर्च १२,०००, भागभांडवल २,००,००० आणि समभाग प्रीमियम (दर्शनी किमतीहून जास्तीची रक्कम) ७,६०,००० जमा (क्रेडिट) करावे.

बाजारभावाची पद्धत जुन्या पाठ्यपुस्तकांत भेटते, पण तिच्यातली विसंगती पाहा: धारक साधारणपणे भाव चढल्यावरच रूपांतर करतो, म्हणजे समभाग जितका तेजीत, तितका कंपनीचा ‘तोटा’ मोठा.

प्रतिसाद २
वरील नोंद बरोबर आहे, मात्र २८,००० हा आकडा कोणत्या तारखेचा आहे ते तपासावे. बहुतेक चुका इथेच होतात. डिस्काउंट आणि खर्च रूपांतराच्या दिवसापर्यंत निर्लेखित करून मगच पुस्तकी किंमत काढावी लागते. मागच्या तिमाहीअखेरचा आकडा चालत नाही. शेवटच्या व्याजतारखेनंतरचे व्याज अटींनुसार धारकाला मिळणार नसले, तरी ते रूपांतराच्या दिवसापर्यंत व्याजखर्चात धरून, कराचा परिणाम वजा करून, भांडवलात जमा होते. रोख प्रवाह पत्रकात हा व्यवहार येत नाही. तो बिगररोख व्यवहार म्हणून टिपांमध्ये उघड करावा.

प्रतिसाद ३
हेच रोखे आयएएस ३२ या आंतरराष्ट्रीय लेखामानकानुसार हिशेबात असते, तर मुळातच ते दोन भागांत विभागले गेले असते: रूपांतराचा हक्क नसलेल्या तशाच रोख्याच्या वाजवी मूल्याइतके देणे आणि उरलेली रक्कम भांडवल. मुदतीअखेर रूपांतर झाल्यावर देण्याची पुस्तकी किंमत भांडवलात जाते, आधीचा भांडवली भाग भांडवलातच राहतो (फार तर एका शीर्षाखालून दुसऱ्याखाली जातो), आणि नफा-तोटा तिथेही नाही. अमेरिकी मानकांत २०२० च्या सुधारणेनंतर असे विभाजन बहुतेक साध्या परिवर्तनीय रोख्यांना लागू होत नाही, म्हणून दोन्हीकडची उदाहरणे एकमेकांत मिसळू नयेत.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. डिस्काउंट त्याच दिवसापर्यंतचा आहे, हे तपासले. पण धारकांनी लवकर रूपांतर करावे म्हणून ठरावीक मुदतीपुरते रोख्यामागे २० ऐवजी २२ समभाग दिले असते, तर?

प्रतिसाद १
मग खर्च दाखवावाच लागला असता, पण फक्त वाढीव भागाचा. २,००० जादा समभाग ६५ ने १,३०,००० होतात. ते रूपांतर-प्रलोभन खर्च म्हणून नावे पडतात. भागभांडवल २,२०,००० आणि प्रीमियम ८,७०,००० होते. बाकी नोंद तशीच. इथे ६५ हा भाव धारकाने प्रस्ताव स्वीकारला त्या दिवसाचा हवा. आयएएस ३२ मध्ये मात्र अटी बदलल्या त्या दिवसाचे मूल्य धरतात, आणि दोन तारखांमध्ये भाव हलला असेल तर खर्चाचा आकडाही वेगळा येतो.