परदेशातून आलेल्या कुटुंबाला २६ जानेवारीच्या सुट्टीत नाशिक कसं दाखवाल?

बाहेर स्थायिक झालेली भावंडं आणि त्यांची तिकडेच वाढलेली मुलं असोत, की सातपूर-अंबडच्या कारखान्यात काही वर्षांसाठी आलेली परदेशी कुटुंबं असोत, सुट्टीच्या एका दिवसात नाशिक दाखवायचं म्हटलं की आपण त्र्यंबकेश्वर आणि वाईनरी उरकून मोकळे होतो. शक (मध्य आशियातून आलेले), यवन (म्हणजे ग्रीक), पेशवे, मोगल, मिशनरी या सगळ्यांच्या खुणा असलेलं शहर मात्र बघायचं राहून जातं. त्यात राष्ट्रीय सुट्टीला शहराचं रोजचं वेळापत्रक चालत नाही. ज्यांनी पाहुणे फिरवले आहेत त्यांनी नेमकं लिहा: क्रम, वेळ, पैसे, कुठे घोळ होतो. प्रवासवर्णन नको.

लेणीवेडा, इंदिरानगर

सुरुवात पांडवलेण्यांपासूनच करा, आणि तीही सकाळी लवकर. सुट्टीच्या दिवशी दहानंतर सगळं नाशिक तिथे असतं. सुमारे दोनशे पायऱ्या आहेत. आजी-आजोबा असतील तर दोन थांबे धरून अर्धा तास ठेवा. तिकीट भारतीयांना २५ आणि परदेशी नागरिकांना ३०० रुपये आहे, पंधरा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असेल तर भारतीयांचाच दर लागू होतो, पण मूळ कार्ड हातात हवं. खिडकीवरची हुज्जत बहुतेक वेळा कार्ड हॉटेलवर राहिल्यामुळेच होते.

लेणी चोवीस आहेत. सगळी बघायला गेलात तर मुलं आठव्याला कंटाळतात. चारच बघा: ३, १०, १७ आणि १८. अठरावं चैत्यगृह, म्हणजे बौद्ध भिक्षूंचं प्रार्थनागृह, त्याचा दर्शनी भाग बाहेरूनच डोळ्यांत भरतो. तिसऱ्यात सातवाहन राजघराण्यातल्या गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. त्यात ती आपल्या मुलाला, गौतमीपुत्र सातकर्णीला, शक, यवन आणि पल्हव या परकीयांचा नाश करणारा म्हणते. आता तिथून सतराव्यात जा. ते लेणं दान केलंय उत्तरेकडच्या दत्तामित्री नगरातून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने, धम्मदेवाच्या मुलाने. म्हणजे एकाच डोंगरावर यवनांना संपवल्याचा अभिमान आहे आणि यवनाचं दानही आहे. परदेशात वाढलेल्या मुलांना ही गोष्ट लगेच कळते, वेगळं काही समजवावं लागत नाही.

दहाव्यात शक राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. हिशोब आवडणाऱ्या मुलांना तिथे न्या. तीन हजार कार्षापण (त्या काळची नाणी) विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, कायमची ठेव म्हणून ठेवले: दोन हजारांवर महिना एक टक्का, एक हजारावर पाऊण टक्का. भिक्षूंचा खर्च या व्याजातून. पुढे एका सुवर्णाला, म्हणजे सोन्याच्या नाण्याला, पस्तीस कार्षापण असा दरही दिलाय. आजचे डॉलर-रुपये करत बसलेल्या पाहुण्यांसमोर हे वाचून दाखवाच.

बॅटरी न्या. प्रकाश लेखावर समोरून टाकला की अक्षरं सपाट दिसतात. भिंतीला घासून, कडेने टाकला की खोदीव रेषेत सावली पडते आणि ब्राह्मी लिपी उठून दिसते. हात लावू देऊ नका, खडूने अक्षरं गिरवणं तर बिलकुल नाही.

झेंडावंदन-ड्यूटी, पंडित कॉलनी

मुलांना झेंडावंदन दाखवायचं असेल तर वेळा पक्क्या लक्षात ठेवा. २६ जानेवारीचं मुख्य शासकीय ध्वजारोहण सकाळी ९.१५ ला असतं, म्हणून ८.३० ते १० च्या दरम्यान बाकीच्यांनी कार्यक्रम ठेवू नये असा दंडक आहे. शाळा आणि सोसायट्या साडेआठच्या आधी उरकतात. त्यामुळे नऊला कुठल्याही शाळेवर पोचलात तर रिकामं मैदान आणि चॉकलेटचे कागद मिळतील. मुख्य संचलनाच्या मैदानाभोवती वाहतूक वळवलेली असते, त्या बाजूने गाडी घालू नका. झेंडे कागदी किंवा कापडी घ्या, प्लॅस्टिकचे नकोत, आणि दिवसाअखेर ते कचऱ्यात जाणार नाहीत हे मोठ्यांनी पाहायचं.

लेणीवेडा म्हणतात तसं सकाळी लवकरच डोंगर गाठायचा तर झेंडावंदन सोडावं लागतं. दोन्ही हवं असेल तर सव्वासातला सोसायटीचं झेंडावंदन, मग लेणी.

जुन्या नाशकातला

गाडी गोदाकाठच्या गौरी पटांगणावर लावा आणि पुढचे तीन तास विसरा, कारण गल्ल्यांत चारचाकी नेणं म्हणजे स्वतःची शिक्षा. बुधवार असेल तर घाटालगत आठवडे बाजार भरतो, मग जागा शोधण्यातच अर्धा तास गेला म्हणून समजा.

क्रम असा: रामकुंड, कपालेश्वर (समोर नंदी नसलेलं शिवमंदिर, मुलांना आधी न सांगता काय कमी आहे ते शोधायला लावा), काळाराम, सीतागुंफा, परत नदीवर नारोशंकर मंदिर, मग पूल ओलांडून सराफ बाजार, भांडी बाजार, भद्रकाली, दूध बाजार आणि बडी दर्गा.

रामकुंडावर लोक अस्थिविसर्जन करत असतात. पाहुण्यांना गाडीतच सांगून ठेवा, कॅमेरा त्या कुटुंबांकडे वळवू नका. कडेच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, मुलांचा हात धरा. सीतागुंफेत उतरताना जिना इतका अरुंद आणि बुटका आहे की बसत-सरकत जावं लागतं. गुडघे दुखणारे, पाठीवर सॅक असणारे आणि कोंडल्यासारखं होणारे यांनी बाहेरची क्रमांक लावलेली वडाची झाडं मोजावीत.

काळारामाला नुसतं दर्शन घेऊन निघू नका. मंदिर सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलं, हे पुजारी सांगतील. पण प्रजासत्ताक दिनी सांगायची गोष्ट वेगळी आहे. २ मार्च १९३० ला बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली या देवळात प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, तो पाच वर्षांच्या आसपास चालला आणि दार उघडलं नाही. ज्यांना आत येऊ दिलं नाही ते पुढे घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. मुलांना हे दाराशी उभं करून सांगा.

नारोशंकराची घंटा मराठ्यांनी पोर्तुगीजांवर मिळवलेल्या वसईच्या विजयाशी जोडली जाते, म्हणजे पोर्तुगीजही आलेच. नदीपलीकडे दर्ग्यात डोकं झाकायला मोठा रुमाल जवळ असू द्या. शुक्रवारी दुपारची नमाजाची वेळ टाळा. या शहराचं मोगल काळातलं नाव गुलशनाबाद होतं, ते सांगायची जागा हीच.

शरणपूरकर

शरणपूर रोडवरून सगळे जातात, थांबत कुणी नाही. एकोणिसाव्या शतकात इथे चर्च मिशनरी सोसायटीची वसाहत होती आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना इथे ठेवून शिकवत. त्यांना 'नासिक बॉइज' म्हणत. त्यांतलाच जेकब वेनराइट हा आफ्रिकेचा शोध घेणाऱ्या डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या मोहिमेत होता. लिव्हिंग्स्टनचा देह इंग्लंडपर्यंत त्याने पोचवला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनाला तो हजर होता. पुढे केनियातल्या मोंबासाजवळच्या फ्रीअर टाउन या सोडवलेल्या गुलामांच्या वसाहतीत इथली माणसं जाऊन राहिली. केनिया किंवा इंग्लंडहून आलेले पाहुणे असतील तर हा थांबा चुकवू नका. सेंट अँड्र्यूज चर्च आतून पाहायचं असेल तर आदल्या दिवशी विचारून ठेवा, एरवी बाहेरूनच.

मिसळप्रेमी

मिसळ साडेआठच्या आत किंवा साडेबारानंतर. मधल्या वेळेत २६ जानेवारीला तासभर टोकन हातात घेऊन उभं राहाल. 'कमी तिखट द्या' म्हणून उपयोग नाही, काळ्या मसाल्याचा रस्सा एकाच पातेल्यातून येतो. मुलांसाठी मटकी, फरसाण आणि दही आधी एकत्र करा, रस्सा चमच्याने वरून, आणि कट बाजूलाच. पापड कोरडा खाऊ द्या. रस्सा परत मिळतो, जादा पावाचे पैसे लागतात.

शेंगदाण्याची ॲलर्जी ही बाहेरच्या मुलांत नेहमीची बाब आहे. नाशिकच्या चिवड्यात शेंगदाणे असतातच, फरसाणातही असू शकतात, तेव्हा आधी विचारा. उसाचा रस बर्फाशिवाय.

गंगापूर रोड

वाईनरीचा हट्ट धरणाऱ्यांसाठी: २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे कोरडे दिवस, दारूविक्री बंद. द्राक्षबाग दिसेल, पेला मिळणार नाही. टेस्टिंगचे पैसे आधी भरून बसू नका. २५ ला किंवा २७ ला जा.

कागदपत्रवाले काका

तीन गोष्टी. परदेशी पासपोर्टचे पाहुणे तुमच्या घरी उतरले असतील तर चोवीस तासांत त्यांच्या मुक्कामाची ऑनलाइन नोंद करायची (फॉर्म सी म्हणून ओळखली जाणारी), ती फक्त हॉटेलांसाठी आहे हा गैरसमज आहे. दुसरं, अनिवासी भारतीयांना एनआरई किंवा एनआरओ (अनिवासींसाठीच्या भारतीय बँकेतल्या) खात्याला जोडून तिकडच्या मोबाईल नंबरवर यूपीआय चालतं, पण अमेरिका, ब्रिटन, यूएई, सिंगापूर अशा ठरावीक देशांच्याच नंबरांवर. जोडणी निघण्याआधी करून घ्या, २६ ला बँक बंद. परदेशी नागरिकांसाठी यूपीआय वन वर्ल्डचं वॉलेट आहे. तिसरं, दहा-वीसच्या नोटा ठेवा. रिक्षावाले मीटर क्वचितच टाकतात, भाडं बसण्याआधी ठरवा.

गोदाकाठ

हेच सगळं १५ ऑगस्टला करणार असाल तर नदीकाठ यादीतून काढायची तयारी ठेवा. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पाणी कुठवर चढलं यावरून नाशिककर पूर मोजतात. त्या दिवसांत गौरी पटांगणावर गाडी लावायची नाही. लेण्यांच्या पायऱ्याही निसरड्या होतात.

नाशिकरोडवरून

परतीची गाडी इथूनच असेल तर दीड तास आधी या. मुक्तिधामच्या भिंतींवर गीतेचे अठराही अध्याय कोरलेत, ते बघून होतं. बाळ येशूचं मंदिर त्याच बाजूला आहे. फेब्रुवारीतल्या यात्रेला तिथे पाय ठेवायला जागा नसते, २६ जानेवारीला निवांत. आणि प्रतिभूती मुद्रणालय (सरकारी सिक्युरिटी प्रेस) आत जाऊन बघता येत नाही, पण मुलांच्या आई-बाबांकडे भारतीय पासपोर्ट असेल तर ती पुस्तिका तिथेच छापली जाते. फाटकाचे फोटो काढू नका, पहारेकरी लगेच हटकतात.