‘उत्स्फूर्त’ म्हणजे बिनतयारीचं? साफ चूक

पंचवटीकर: कॉलनीच्या वक्तृत्व स्पर्धेच्या पत्रकात छापलंय, ‘उत्स्फूर्त भाषण म्हणजे पूर्वतयारीशिवाय केलेलं भाषण.’ वाचून डोकं उठलं. शब्दात ‘स्फुरणं’ आहे, तयारीचा संबंध येतो कुठे? पेपरात ‘उत्स्फूर्त बंद’ येतं, तेव्हा कुणी जबरदस्ती केली नाही एवढंच सांगायचं असतं. पाचवीतल्या पोराला चिठ्ठी उचलायला लावून पाच मिनिटांत उभं करता, त्याला ‘आयत्या वेळचं भाषण’ म्हणा.

सिडकोवाला: शब्द वापराने ठरतो. सगळे याच अर्थाने बोलतात. आणि ‘आयतं’ म्हणजे तर तयार! आयतं जेवण, आयत्या बिळावर नागोबा. मग आयत्या वेळचं भाषण तयार असतं का?

पंचवटीकर: ‘आयता’ वेगळा, ‘आयत्या वेळी’ वेगळं. तुम्हालाही कळतंय, उगाच फाटे फोडू नका.

इंदिरानगर: ‘आयत्या वेळचे विषय’ यावर माझं ऐका. सोसायटीची वार्षिक सभा, रात्रीचे साडेनऊ, अर्धी माणसं घरी गेलेली. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे घरटी 15,000 मंजूर! कोटेशन सेक्रेटरींच्या फाइलीत, तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. हे आयत्या वेळचं?

सिडकोवाला: आमच्याकडे लिफ्टचं असंच झालं. हात वर करा म्हणाले, झालं मंजूर.

गंगापूर रोड: वार्षिक सभेला 14 दिवसांची नोटीस लागते. ज्या विषयाला रीतसर नोटीस हवी, तो अध्यक्षांच्या परवानगीनेही आयत्या वेळी घेता येत नाही. उपविधी वाचा, लेखी हरकत द्या.

म्हसरूळची लेक: मूळ मुद्द्यावर येते. माझे वडील कीर्तनकार. काळाराम मंदिराजवळच्या एका वाड्यात ऐन उत्तररंगात, म्हणजे कीर्तनाच्या उत्तरार्धात, वीज गेली, पेटीवाले उठून गेले. अण्णांनी अंधारातच शबरीचं आख्यान लावलं. लोक म्हणाले, किती उत्स्फूर्त! घरी ट्रंकेत, लाल बासनात, तेच आख्यान त्यांच्या हातचं तीनदा लिहिलेलं होतं. त्याला कुणी बिनतयारीचं म्हटलं तर मला सहन होणार नाही.

सिडकोवाला: बरं, अण्णांपुरतं मान्य. पण पाचवीतल्या पोराकडे कुठली ट्रंक?

पंचवटीकर: तेच तर म्हणतोय मी पहिल्यापासून! ठेवा तुमचं ‘उत्स्फूर्त’. निदान बॅनरवर ‘उस्फूर्त’ छापू नका, ‘त्’ घाला.

इंदिरानगर: हरकत सेक्रेटरींकडेच द्यायची की थेट सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे? पैसे 10 तारखेला मागितलेत.