गावांच्या नावांतील न दिसणारी स्पेस कशी काढावी?

प्रश्न (फोंडा)

नमस्कार. गोमंतकातील जत्रा, कालोत्सव आणि उत्सवी नाटके यांची गाववार सूची देणारे एक संकेतस्थळ मी तयार करीत आहे. देवस्थानांचे कार्यकर्ते नोंदी पाठवतात. कोणी एक्सेलची फाइल देतात, तर कोणी वर्डमधील मजकूर उचलून फॉर्ममध्ये चिकटवतात. सर्व्हरवर पीएचपी आहे आणि शोधाची सोय जावास्क्रिप्टने ब्राउझरमध्ये केली आहे. अडचण अशी की, गावांच्या यादीत ‘मडगाव’ दोनदा येते आणि ‘कवळे मठ’ असे शोधले असता त्याच नावाच्या काही नोंदी सापडत नाहीत. पडद्यावर ही नावे अगदी सारखी दिसतात. परंतु जावास्क्रिप्टमध्ये मोजल्यास एका ‘मडगाव’ची लांबी ५ भरते, दुसऱ्याची ६, आणि दोन्हीकडे ट्रिम (टोकांच्या मोकळ्या जागा काढणारे फंक्शन) लावूनही ती ६ राहते. मजकुरातील सगळ्या स्पेस सरसकट काढून टाकणे योग्य ठरेल का?

उत्तर (मडगाव)

सरसकट काढू नयेत, कारण मग ‘कवळे मठ’चे ‘कवळेमठ’ होईल आणि ‘जुने गोवे’ही जोडले जाईल. आपल्या दोन अडचणींची कारणे वेगळी आहेत.

जावास्क्रिप्टचे ट्रिम फक्त दोन्ही टोकांना काम करते. तेथे ते साधी स्पेस, टॅब आणि ओळ बदलणारी चिन्हे तर काढतेच, शिवाय युनिकोड या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीतील १६० क्रमांकाची, ओळ तुटू न देणारी नॉन-ब्रेकिंग स्पेसही काढते. ८२०३ क्रमांकाच्या, रुंदी नसलेल्या झिरो विड्थ स्पेसला मात्र ते हात लावत नाही, कारण नावात स्पेस असली तरी युनिकोडच्या वर्गवारीत ती स्पेस धरलेली नाही. म्हणून ट्रिमनंतरही उरलेले सहावे चिन्ह बहुधा तेच असावे. अंदाजावर न थांबता त्या नावातील प्रत्येक चिन्हाचा कोड पॉइंट, म्हणजे युनिकोड क्रमांक, छापून पाहावा. ‘कवळे मठ’मध्ये दोन शब्दांच्या मधली जागा १६० क्रमांकाची असणार, वर्डमधून आणि वेबपानांवरून उचललेल्या मजकुरात ती बऱ्याचदा सापडते.

आधी ८२०३ काढावे, मग सलग आलेल्या स्पेसच्या जागी एकच साधी स्पेस घालावी आणि शेवटी ट्रिम करावे. हा क्रम बदलू नये, कारण शेवटच्या स्पेसपुढे ८२०३ बसलेले असेल, तर आधी केलेले ट्रिम त्या स्पेसपर्यंत पोहोचतच नाही. रिप्लेस हे बदल करणारे फंक्शन वापरताना रेग्युलर एक्स्प्रेशनला (शोधायच्या नमुन्याला) ‘जी’ हा फ्लॅग द्यावा. तो नसेल तर पहिलाच सापडलेला तुकडा बदलतो आणि पुढचे तसेच राहतात. जावास्क्रिप्टच्या ‘बॅकस्लॅश एस’ या स्पेस शोधणाऱ्या खुणेत १६० येते, त्यामुळे त्याची वेगळी सोय लागत नाही.

उत्तर (डिचोली)

वरील उपाय योग्य आहे. परंतु त्यात ८२०३ एवढेच लिहिले आहे, तेवढेच काढावे, हे मला आग्रहाने सांगायचे आहे. इंटरनेटवर मिळणाऱ्या तयार कोडमध्ये ८२०३ ते ८२०५ हा सगळा पट्टा ‘अदृश्य कचरा’ म्हणून उडवलेला असतो. ८२०५ म्हणजे झिरो विड्थ जॉइनर, अक्षरांची जोडणी ठरवणारे न दिसणारे चिन्ह, आणि मराठीत तो कचरा नाही. ‘आचाऱ्यांना’ हा शब्द अनेक कीबोर्डांवर र, हलन्त आणि ८२०५ अशा क्रमाने टंकला जातो. त्यातील ८२०५ काढले की ‘आचार्यांना’ उरते, आणि महाप्रसादाचा स्वयंपाक करणाऱ्यांसाठी लिहिलेली सूचना मठातील आचार्यांच्या नावे जाते. अशी चूक कोणताही प्रोग्राम दाखवून देत नाही, कारण दोन्ही शब्द शुद्धच आहेत.

दुसरे असे की, काही कीबोर्ड हाच उच्चार २३५३ क्रमांकाच्या ‘ऱ’ने लिहितात. दोन्ही रूपे सारखी दिसतात, पण युनिकोडचे नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे सारखी करण्याची प्रक्रिया) त्यांना एक करत नाही. म्हणून मूळ मजकूर जसाच्या तसा साठवावा आणि केवळ शोधासाठी वेगळी प्रत ठेवून तीत र, हलन्त आणि ८२०५ या त्रयीच्या जागी २३५३ आणि हलन्त घालावे. शोधणाऱ्याने टंकलेल्या शब्दावरही हीच प्रक्रिया करावी लागेल.

उत्तर (काणकोण)

पीएचपीची बाजू राहिली. तेथील ट्रिम अक्षरे ओळखत नाही, ते बाइट पाहते, आणि आपणहून १६० काढत नाही. यावर ‘ट्रिमने काढायच्या चिन्हांच्या यादीत १६० हा बाइट घाला’ असा सल्ला दिला जातो. देवनागरीसाठी तो घातक आहे. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत ‘ठ’ हे अक्षर २२४, १६४, १६० अशा तीन बाइटांनी बनते. त्यामुळे ‘पर्तगाळ मठ’ आणि ‘कवळे मठ’ या दोन्ही नावांचा शेवटचा बाइट कापला जाईल, मजकूर अवैध होईल आणि जेसन या माहिती पाठवण्याच्या स्वरूपात रूपांतर करतानाच तो अडकेल. पीएचपी ८.४ असल्यास त्यात आलेले, अक्षरे ओळखणारे एमबी-ट्रिम वापरावे. त्याआधीची आवृत्ती असल्यास ‘यू’ हा (यूटीएफ-८ ओळखणारा) मॉडिफायर लावून रेग्युलर एक्स्प्रेशनने हेच काम करावे.

प्रश्नकर्ता (फोंडा)

कोड पॉइंट छापून पाहिले. ‘मडगाव’च्या शेवटी ८२०३ आहे आणि ‘कवळे मठ’च्या मध्ये १६०. आता हीच स्वच्छता कार्यकर्ता फॉर्ममध्ये टंकत असतानाच केली तर चालेल का?

उत्तर (मडगाव)

प्रत्येक कळ दाबल्यावर ट्रिम चालवल्यास ‘कवळे’नंतर दिलेली स्पेस लगेच पुसली जाईल आणि त्याला ‘मठ’ हा शब्द वेगळा लिहिताच येणार नाही. त्याने रकाना सोडल्यावर ही स्वच्छता करावी. सर्व्हरवर मात्र ती पुन्हा करावीच लागेल, कारण एक्सेलच्या फाइली या फॉर्ममधून येतच नाहीत. आधीच साठलेल्या नोंदी मायएसक्यूएलच्या ट्रिमने दुरुस्त करू नयेत. ते आपणहून फक्त साधी स्पेस काढते. डेटाबेसची प्रत काढून ठेवावी, सर्व्हरवरचेच फंक्शन जुन्या नोंदींवर चालवावे आणि बदललेली नावे डोळ्यांखालून घालून मगच ती साठवावीत.