‘व्हेटरन्स ग्रुप’, ‘डोनर नेटवर्क’ आणि ‘डार्क मनी’ : मराठीत काय लिहावे?

प्रश्न : अमेरिकेच्या निवडणुकांविषयीच्या मराठी लेखनात ‘व्हेटरन्स अ‍ॅडव्होकसी ग्रुप’, ‘डोनर नेटवर्क’ आणि ‘डार्क मनी’ हे शब्दप्रयोग वारंवार येतात. त्यांच्यासाठी अनुक्रमे ‘माजी सैनिक संघटना’, ‘देणगीदारांचे जाळे’ आणि ‘काळा पैसा’ असे लिहिलेले वाचनात आले. हे पर्याय बरोबर आहेत का? नसल्यास कोणते वापरावेत?

उत्तर : आपण दिलेल्या तिन्ही पर्यायांत काही ना काही गल्लत आहे आणि ती शब्दापुरती राहत नाही. अमेरिकेच्या राजकारणात सैनिकाच्या तोंडून कोण बोलतो आहे आणि त्या बोलण्याचा खर्च कोण करतो आहे, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. आपला मराठी शब्द असा असावा, की वाचकाला हे दोन्ही प्रश्न सुचतील. निदान त्यांतला दुसरा झाकला जाऊ नये.

‘व्हेटरन’ला ‘माजी सैनिक’ म्हणावे. यंत्रानुवादातून येणारे ‘व्हिएतनामचे दिग्गज’ सरळ चूक आहे. दिग्गज खेळाडू किंवा गायक असतो. ‘निवृत्त सैनिक’ही टाळलेला बरा, कारण निवृत्त म्हटले की निवृत्तिवेतन आलेच, आणि बहुतेक अमेरिकी माजी सैनिक चार-सहा वर्षांची नोकरी करून बाहेर पडलेले असतात. तिथल्या कायद्याने सेनादलात सक्रिय सेवा केलेली आणि अप्रतिष्ठेच्या शेऱ्यानिशी बाहेर न काढलेली व्यक्ती ‘व्हेटरन’ ठरते; तिने युद्ध पाहिलेले असलेच पाहिजे, असे नाही. आपल्याकडे ‘माजी सैनिक’ हा सरकारदरबारीही वापरला जाणारा शब्द आहे आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवताना निवृत्तिवेतन, सेवेतून मुक्त होण्याचे कारण वगैरे गोष्टी पाहिल्या जातात. दोन्ही व्याख्या तंतोतंत जुळत नाहीत, तरी लेखनासाठी शब्द पुरेसा नेमका आहे.

खरी अडचण ‘संघटना’ या शब्दाची आहे. मराठीत संघटना म्हटले की सभासद आले, वर्गणी आली, शाखा आल्या, अधिवेशन आले आणि त्यात संमत होणारे ठराव आले. अमेरिकेत अशा संस्था आहेत आणि त्यांना बिनदिक्कत ‘माजी सैनिक संघटना’ म्हणावे. ‘व्हेटरन्स ऑफ फॉरिन वॉर्स’ आपला इतिहास १८९९ पर्यंत मागे नेते. ‘अमेरिकन लीजन’ १९१९ मध्ये पॅरिसला, पहिले महायुद्ध संपवून परतीची वाट पाहणाऱ्या सैनिकांत स्थापन झाली. गावोगावी तिच्या शाखा आहेत, धोरण राष्ट्रीय अधिवेशनाच्या ठरावांनी ठरते आणि ती कोणत्याही उमेदवाराला पाठिंबा जाहीर करत नाही. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्यांना शिक्षण आणि गृहकर्ज मिळवून देणारा जो कायदा अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सहीने २२ जून १९४४ रोजी झाला, त्याचा मूळ मसुदा लीजनचे माजी प्रमुख हॅरी कोलमेरी यांनी वॉशिंग्टनच्या मेफ्लॉवर हॉटेलच्या कागदांवर हाताने लिहिला होता. सभासदांच्या गरजेतून मागणी, मागणीतून मसुदा आणि मसुद्यातून कायदा असा तो सरळ प्रवास होता. या कामाला मराठीत ‘पाठपुरावा’ हा शब्द चपखल बसतो. ‘अ‍ॅडव्होकसी’ला ‘वकिली’ मात्र म्हणू नये. ‘त्याची वकिली करू नकोस’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात दोषारोप असतो.

दुसऱ्या जातीच्या गटांना हाच शब्द लावला, की वाचकाची दिशाभूल होते. २००४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक उमेदवार जॉन केरी यांच्या विरोधात ‘स्विफ्ट बोट व्हेटरन्स फॉर ट्रूथ’ हा गट उभा राहिला. स्विफ्ट बोटी म्हणजे व्हिएतनामच्या नद्यांमधून आणि किनाऱ्यालगत गस्त घालणाऱ्या, सुमारे पन्नास फूट लांबीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या नौका. एकीवर साधारणपणे सहा जण असत. केरी अशा बोटीवर अधिकारी होते आणि त्यांना शौर्यपदके मिळाली होती. ऑगस्ट २००४ मध्ये आलेल्या जाहिरातीत एकामागून एक माजी नौसैनिक पडद्यावर येऊन ‘मी जॉन केरींसोबत सेवा केली’ असे सांगत आणि केरी खोटे बोलत असल्याचा आरोप करत. इथे ‘सोबत’ या शब्दाने काय केले, ते शब्दांचा अभ्यास करणाऱ्याने नीट पाहावे. ऐकणाऱ्याला वाटे, की ही माणसे त्याच बोटीवर होती. प्रत्यक्षात केरींच्या हाताखाली त्यांच्या बोटीवर राहिलेला या गटात एकच जण होता; बाकीचे त्याच दलात पण दुसऱ्या बोटींवर होते. जे खरोखर एका बोटीवर होते, त्यांतले बहुतेक सहकारी केरींच्या बाजूने उभे राहिले. मराठीत हा प्रसंग लिहिताना ‘सोबत’ जसाच्या तसा उचलला, तर जाहिरातीचा खोटेपणा आपल्याही वाक्यात उतरतो. ‘त्याच नौदल तुकडीत सेवा केलेले’ असे स्पष्ट लिहावे.

या गटाला पैसा कुठून आला, हे कळू शकले, कारण करकायद्याच्या ज्या कलमाखाली तो नोंदला होता, त्यात देणगीदारांची नावे जाहीर करावी लागतात. ह्यूस्टनचे गृहबांधणी व्यावसायिक बॉब पेरी यांनी एकट्याने सुमारे ४४ लाख ५० हजार डॉलर दिले. टेक्ससचेच तेल-उद्योजक टी. बून पिकन्स आणि उद्योगपती हॅरल्ड सिमन्स यांनीही मोठ्या रकमा दिल्या. डिसेंबर २००६ मध्ये निवडणूक आयोगाने गटाला २,९९,५०० डॉलरचा दंड केला. राजकीय समिती म्हणून नोंदणी न करता आणि देणग्यांची मर्यादा न पाळता काम केल्याचा ठपका होता. निवडणूक मात्र दोन वर्षांपूर्वीच होऊन गेली होती. सैनिकांच्या मनातला केरींविषयीचा राग खरा होता. युद्धाहून परतल्यावर केरींनी केलेली युद्धविरोधी भाषणे त्यांना झोंबली होती आणि तो राग नाकारण्याचे कारण नाही. पण रागाला देशभर दूरचित्रवाणीवर पोहोचवण्याची ताकद पैशाची होती. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणे हा आपला वाक्प्रचार इथे शब्दशः लागू पडतो.

म्हणून अशा गटांसाठी ‘माजी सैनिकांचा राजकीय प्रचारगट’ असा शब्द मी सुचवतो. पाठ्यपुस्तकांतला ‘दबावगट’ तितका जुळत नाही. दबावगट सरकारवर दबाव आणतो, हे गट थेट मतदाराशी बोलतात. आणि हा शब्द दोन्ही बाजूंना सारखाच लावला पाहिजे. २००६ मध्ये सुरू झालेला ‘व्होटव्हेट्स’ हा गट डेमोक्रॅटिक उमेदवारांसाठी काम करतो आणि त्यालाही त्या पक्षाच्या निकटच्या संस्थांकडून मोठा पैसा मिळतो. एका बाजूचा तो ‘प्रचारगट’ आणि दुसऱ्या बाजूची ती ‘संघटना’ असे लिहिणारा स्वतःच प्रचार करत असतो.

आता ‘डोनर नेटवर्क’. मराठीत ‘जाळे’ टाकले जाते, पसरवले जाते आणि त्यात कोणीतरी अडकते. या शब्दात कटाचा वास आहे. शिवाय व्यवहाराचे खरे स्वरूपही त्यातून कळत नाही. ‘कन्सर्न्ड व्हेटरन्स फॉर अमेरिका’चे उदाहरण घ्यावे. पुढे अमेरिकेचे संरक्षणमंत्री झालेले पीट हेगसेथ एकेकाळी या गटाचे प्रमुख होते. हा गट कॅन्ससमधील विचिटाचे उद्योगपती चार्ल्स कोक आणि त्यांचे बंधू डेव्हिड यांनी उभारलेल्या राजकीय व्यवस्थेचा भाग. डेव्हिड २०१९ मध्ये वारले. कोक बंधू वर्षातून दोनदा धनाढ्य मंडळींची बंद दाराआड बैठक घेत. २०११ च्या नोव्हेंबरात ‘फ्रीडम पार्टनर्स’ नावाची व्यापारी मंडळाच्या धर्तीची संस्था स्थापन झाली. तिच्या सभासदत्वाची वार्षिक वर्गणी किमान एक लाख डॉलर होती. पहिल्याच वर्षात तिने निरनिराळ्या गटांना सुमारे २३ कोटी ६० लाख डॉलर वाटले. २०१६ च्या निवडणुकीच्या तोंडावर या साऱ्या व्यवस्थेने ८८ कोटी ९० लाख डॉलरचा अंदाजित खर्च जाहीर केला होता.

पैसा व्यक्तीकडून मंडळाकडे, मंडळाकडून गटाकडे आणि गटाकडून जाहिरातीकडे जातो. ही एकापुढे एक कडी आहे, म्हणून ‘देणगीदारांची साखळी’ हा शब्द मला जाळ्यापेक्षा खरा वाटतो. या संस्था दरवर्षी करविवरण भरतात आणि ते कोणालाही पाहता येते. त्यात कोणत्या संस्थेला किती अनुदान दिले, याची यादी असते. पैसे देणाऱ्यांची नावे जनतेला दाखवलेल्या प्रतीत नसतात. पुढची कडी दिसते, मागची दिसत नाही.

यातूनच ‘डार्क मनी’कडे येतो. त्याला ‘काळा पैसा’ म्हणणे ही तिन्हींतली सर्वांत गंभीर चूक आहे. काळा पैसा म्हणजे कर चुकवलेला, हिशेबाबाहेरचा पैसा. तो बेकायदाच असतो. अमेरिकेतला हा पैसा बहुतेकदा पूर्णपणे कायदेशीर असतो, त्याचा हिशेब असतो, तो बँकेतून जातो. फक्त देणाऱ्याचे नाव जनतेला कळत नाही. करकायद्याच्या ५०१(सी)(४) कलमाखालच्या ‘समाजकल्याण’ संस्थांना देणगीदारांची नावे जाहीर करावी लागत नाहीत. २०२० पासून ती कर खात्यालाही नित्यनेमाने कळवावी लागत नाहीत. जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपन्या आणि कामगार संघटनांना निवडणुकीत स्वतंत्र खर्च करण्याची मुभा दिल्यावर हा मार्ग प्रशस्त झाला. कायद्यानेच जे लपवू दिले आहे, त्याला काळे म्हटले, तर वाचक गुन्हेगार शोधू लागतो आणि कायद्यातल्या त्रुटीकडे त्याचे लक्ष जात नाही.

‘गुप्तदान’ हा शब्दही काहींनी वापरला आहे; तो तर मुळीच चालणार नाही. आपल्या देवळात देणगीदाराचे नाव संगमरवरी फरशीवर कोरतात आणि ज्याला नाव नको असते, तो दानपेटीत गुप्तदान टाकतो. ते नाव लपवणे म्हणजे अहंकार सोडणे असते, म्हणून गुप्तदान पुण्याचे मानले जाते. इथे नाव लपवले जाते ते प्रभाव पाडून उत्तरदायित्व टाळण्यासाठी. ‘निनावी राजकीय पैसा’ असे लिहावे. आपल्याकडची निवडणूक रोख्यांची योजना भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी रद्द केली, त्या सुमारास मराठी वृत्तपत्रांत ‘निनावी देणग्या’ हा प्रयोग वाचकांच्या ओळखीचा झालेला आहेच.

याच संदर्भात ‘चॉइस’विषयीही लिहायला हवे, कारण पैसा शेवटी धोरणाच्या भाषेत बोलतो. २०१४ मध्ये फीनिक्स येथील सरकारी माजी सैनिक रुग्णालयात प्रतीक्षायाद्या लपवल्याचे उघड झाले. माजी सैनिकांचे खाते सांभाळणारे मंत्री एरिक शिन्सेकी यांना ३० मे रोजी राजीनामा द्यावा लागला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झालेल्या कायद्याने ज्यांना तपासणीसाठी तीस दिवसांहून अधिक थांबावे लागे किंवा जे सरकारी केंद्रापासून चाळीस मैलांहून दूर राहत, त्यांना सरकारी खर्चाने बाहेरच्या डॉक्टरकडे जाण्याची सोय मिळाली. २०१८ च्या कायद्याने ती अधिक रुंदावली. कोक यांच्या व्यवस्थेतल्या प्रचारगटाने या धोरणाचा हिरिरीने पुरस्कार केला आणि त्याचा शब्द होता ‘चॉइस’. विरोधक त्यालाच ‘खासगीकरण’ म्हणत आले. जुन्या संघटनांना बाहेरच्या उपचारांची गरज मान्य होती, पण सरकारी रुग्णालयांचा पैसा त्यापायी आटू नये, अशी त्यांची चिंता होती. मराठीत ‘निवडीचे स्वातंत्र्य’ लिहिले, की आपण एका बाजूचे झालो; ‘खासगीकरण’ लिहिले, की दुसऱ्या बाजूचे. ‘सरकारी खर्चाने खासगी उपचार’ हे लांबलचक वाटले, तरी घडते तेच सांगते. बाजूंचे शब्द अवतरणात द्यावेत आणि ते कोणाचे आहेत, हे सांगावे.

पुरवणी प्रश्न : ‘सुपर पॅक’ला ‘महा राजकीय कृती समिती’ म्हणता येईल का? आणि अब्जाधीशांचा सगळाच पैसा निनावी असतो का?

उत्तर : ‘कृती समिती’ नको. मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर तिचे चित्र मोर्चा काढणाऱ्या, निवेदन देणाऱ्या, धरणे धरणाऱ्या माणसांचे आहे. सुपर पॅक ही निवडणुकीसाठी अमर्याद पैसा गोळा करून खर्च करणारी समिती. ‘सुपर पॅक’ हेच ठेवून पहिल्या उल्लेखात ‘निवडणूक खर्च समिती’ असा खुलासा जोडावा.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. सुपर पॅकला देणगीदारांची नावे निवडणूक आयोगाकडे द्यावी लागतात. २०१८ मध्ये जेफ बेझोस आणि त्यांच्या तेव्हाच्या पत्नी मॅकेन्झी यांनी ‘विथ ऑनर’ या सुपर पॅकला सुमारे एक कोटी डॉलर दिले. ही समिती दोन्ही पक्षांतल्या माजी सैनिक उमेदवारांना मदत करते आणि तिला मिळालेली ही देणगी नावानिशी नोंदलेली आहे. अशा देणगीला निनावी म्हणणे अन्यायाचे होईल. ‘जाहीर देणगी’ म्हणावे. मात्र सुपर पॅकच्या यादीत देणगीदार म्हणून एखाद्या ५०१(सी)(४) संस्थेचे नाव असेल, तर ‘जाहीर’ हे विशेषण तिथे लावू नये. नाव छापलेले असते, पण ते संस्थेचे असते. त्या संस्थेला पैसे देणारा माणूस कोण, हे यादीतून कळत नाही. तिथे ‘अमुक संस्थेमार्फत आलेला पैसा’ इतकेच लिहावे.