फिनलंडची दलदल, माझी पीट मॉसची पिशवी : गरम झालं तर झाडं वाढतीलच ना?

बाल्कनीवाली (कोलशेत, ठाणे)

नमस्कार मंडळी. विषय बागेचा की हवामानाचा ते मलाच ठरवता येईना, त्यामुळे चुकीच्या विभागात पडला असेल तर सांभाळून घ्या.

मी ५७ वर्षांची, बँकेतून निवृत्त. अकराव्या मजल्यावर पूर्वेची बाल्कनी आणि २३ कुंड्या. गेल्या महिन्यात एका नर्सरीतून रोपं लावायच्या मिश्रणाची पिशवी आणली. मागे बारीक अक्षरात 'पीट मॉस' लिहिलेलं. नर्सरीवाला म्हणाला, "मॅडम, कोकोपीटच समजा, फक्त इम्पोर्टेड."

रविवारी व्हिडिओ कॉलवर कौतुकाने पिशवी लेकीला दाखवली. ती फिनलंडमध्ये औलूला असते. तर ती माझ्यावरच डाफरली. "आई, दलदलीत अर्धवट कुजलेलं शेवाळ साचून पीट होतो. एवढा थर साचायला तिकडे शेकडो वर्षं लागतात. वर्षाला मिलिमीटरभर वाढतं ते!" मागच्या उन्हाळ्यात ती अशी एक दलदल बघायला गेली होती. दोन फळ्या टाकलेली वाट, दोन्ही बाजूंना लालसर-हिरवं शेवाळ. फोटो काढायला फळीवरून एक पाय खाली ठेवला तर गुडघ्यापर्यंत आत. पाय निघाला, बूट राहिला. म्हणे, जग तापलं की या दलदलीतला कार्बन बाहेर येणार, सगळे शास्त्रज्ञ त्याच काळजीत आहेत.

माझी शंका सरळ आहे. तिकडे थंडीमुळे झाडं खुरटी. गरम झालं तर वाढतील. वर हवेत कार्बन डायऑक्साइड जास्त, म्हणजे झाडांना खुराकच. जास्त झाडं, जास्त कार्बन आत. मग बोंब कशाची? लेक म्हणाली, "अगं, तसं नसतं ते." आणि तिची मीटिंग सुरू झाली.

जाता जाता : ती पीटची एक कुंडी आठ दिवस कोरडी राहिली. आता पाणी घातलं की कडेकडेने सरळ बशीत. मधला गोळा कोरडा ठणठणीत. हे काय प्रकरण?

खाजणातला (ऐरोली)

ताई, एकदा ओहोटीच्या वेळी ऐरोली पुलावर गाडीची काच खाली करा. सडक्या अंड्याचा जो वास येतो, तिथून सुरुवात करू.

आमचे आजोबा खाडीत होडी घालायचे. होडी बांधायचा खुंटा वीसेक वर्षांनी उपटला तेव्हा मी शाळेत होतो. चिखलात गाडलेला भाग असा टणक की कोयता उसळला. चिखलाच्या तोंडाशी, जिथे कधी ओलं कधी कोरडं, तिथे मात्र बोट घातलं तर भुसा. आजोबा म्हणाले, लाकूड पाण्याने सडत नाही रे, वाऱ्यापाण्याच्या भांडणात सडतं. मला दलदलीचं शास्त्र तिथेच कळलं, पुढे कॉलेजात त्याला नुसती नावं मिळाली.

चिखलात हवा शिरत नाही, त्यामुळे पानं-मुळं नीट कुजत नाहीत, साचत जातात. आपल्या तिवरांखाली हेच चालू आहे. फरक मिठाचा. समुद्राच्या पाण्यात सल्फेट, म्हणजे गंधकाचं एक मीठ असतं. ते वापरणारे जिवाणू आधी ताव मारतात, त्यातून तो अंड्याचा वास, आणि मिथेन वायू करणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या ताटात फारसं उरत नाही. लेकीच्या तिकडची दलदल पावसाच्या गोड्या पाण्यावर जगते. तिथे सल्फेट नावाला, म्हणून मिथेनवाल्यांचं राज्य. मिथेन म्हणजे शंभर वर्षांच्या हिशेबाने, वजनाला वजन, कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवणारा. आणि ऊब वाढली की हे सूक्ष्मजीव जोरात येतात. झाडांना खुराक म्हणालात ना, तो खालच्या मंडळींनाही मिळतो.

रोज_घोडबंदर

इथे आम्ही रोज दोन तास धूळ खातोय आणि तुम्हाला फिनलंडची पडलीय. चालू द्या.

खाजणातला (ऐरोली)

दोन तास आहेत ना हाताशी, वाचा मग.

मिनेसोटा_रिटर्न (खारघर)

काकू, तुमची शंका अजिबात बाळबोध नाही. ती तपासायला अमेरिकेत अख्खी दलदल गरम करून बघितलीय.

मी मातीवाला, पण शेतजमिनीतला. मिनेसोटात तीन वर्षं होतो, तेव्हा एका सहकाऱ्याबरोबर मार्सेलच्या प्रायोगिक जंगलात गेलो होतो. तिथे ओक रिज प्रयोगशाळा आणि तिथल्या वनखात्याचा 'स्प्रूस' नावाचा प्रयोग आहे. दलदलीतच दहा पारदर्शक खोल्या उभ्या केल्यात, वरून उघड्या, १२ मीटर रुंद, आत खरीखुरी स्प्रूस आणि लार्चची झाडं. काही खोल्या बाहेरच्याइतक्याच, बाकीच्या टप्प्याटप्प्याने गरम, थेट ९ अंशांपर्यंत. नुसती हवा नाही, खालची मातीही. निम्म्या खोल्यांत कार्बन डायऑक्साइडही वाढवलेला, म्हणजे तुमचा खुराक. हवा-माती दोन्ही तापवणं २०१५ मध्ये सुरू झालं.

बाहेर जॅकेट घालून उभा होतो आणि एका खोलीत शिरलो तर मे महिन्यातलं पनवेल. पायाखाली बघितलं. बाहेर शेवाळाची गादी ओल्या स्पंजसारखी, दाबली की पाणी वर येतं. आत ती जागोजागी पांढरट, पापडासारखी वाळलेली, मधून झुडपं माजलेली.

तीन वर्षांच्या मोजणीत दिसलं ते असं : तापवलेली दलदल कार्बन साठवायची थांबली आणि सोडायला लागली. हजारो वर्षांत ज्या वेगाने साठला त्याच्या साडेचार ते अठरा पट वेगाने. जितकं गरम, तितकं जास्त. खुराकाने ती गळती भरून निघाली नाही. झुडपं वाढली हो, मुळंही भराभरा पसरली, तुमचं तेवढं बरोबर. पण दलदल बांधणारा गवंडी म्हणजे स्फॅग्नम शेवाळ. ते स्वतःच्या कोरड्या वजनाच्या वीसेक पट पाणी धरतं, आजूबाजूचं पाणी आंबट करतं आणि स्वतःही सहजी कुजत नाही. गवंडीच मेला, तर झुडपं कितीही माजोत.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी, बातम्यांत ती येत नाही. आधी फक्त खोलवरचा पीट तापवून बघितला होता, तेव्हा तळाचा जुना कार्बन फारसा हलला नाही. जातंय ते जास्त करून वरच्या थरातलं. म्हणजे उद्या सकाळी सगळं फुटणार असं नव्हे. बॉम्ब वगैरे शब्द मला आवडत नाहीत.

आकार लक्षात यावा म्हणून : पीट जगाच्या जमिनीच्या जेमतेम ३ टक्के, पण त्यातला कार्बन जगभरच्या सगळ्या झाडाझुडपांत मिळून असलेल्या कार्बनपेक्षा जास्त. उत्तरेच्या जंगलांतसुद्धा खोडांपेक्षा जमिनीत जास्त दडलाय. म्हणून झाडं मोजून हिशेब चुकतो. फिनलंडचंच बघा. तिथल्या जवळपास निम्म्या दलदली चर खणून कोरड्या केल्या, कारण लाकूड हवं होतं. झाडं झक्कास वाढली. खाली पाणी उतरलं, हवा शिरली आणि पीट कुजायला लागला.

शिवाय उभ्या झाडांचीही खात्री नाही. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात पाइनची साल पोखरणारा भुंगेरा कडक थंडीत मरायचा. हिवाळे सौम्य झाले, तो वाचत गेला आणि जंगलच्या जंगलं लाल पडली. २०२३ मध्ये कॅनडात दीड कोटी हेक्टर जळालं, म्हणजे जवळजवळ अर्धा महाराष्ट्र. पीटची आग तर आपल्या कचऱ्याच्या डोंगरासारखी, वरून विझली वाटते आणि आत धुमसते. तिकडे ती बर्फाखाली हिवाळा काढून वसंतात परत वर येते.

थोडक्यात, ती दलदल म्हणजे मुदत ठेव समजा आणि झाडं म्हणजे

(मोबाइलवरून अर्धवट गेलं. मुदत ठेव आणि बचत खातं, असं म्हणायचं होतं.)

बाल्कनीवाली (कोलशेत, ठाणे)

बँकेची उपमा नको हो, ३१ वर्षं काढलीत मी तिथे. लॉकरमधली ठेव अशी कुजत नाही.

मला हे लोणच्यासारखं वाटतंय. फोडी बुडून वर बोटभर तेल असलं की कैरी दोन-दोन वर्षं टिकते. थंडीचा संबंध नाही, आमची बरणी माळ्यावर असायची, भर मेमध्ये. पण तेल खाली गेलं आणि एक फोड उघडी पडली की तिथून पांढरी बुरशी. तुमच्या दलदलीत पाणी म्हणजे ते तेल, बरोबर? आणि मी बसले होते बाहेरच्या कैरीच्या झाडाला मोहोर किती आला ते मोजत.

खुंट्याची गोष्ट लेकीला पाठवली. तिने हसरा चेहरा पाठवला, म्हणजे मान्य.

आता पिशवीचं काय करू ते सांगा. परत तर देता येत नाही.

खाजणातला (ऐरोली)

लोणचं शंभर टक्के. फक्त इथे मीठ आमच्या खाडीत, आंबटपणा त्यांच्या दलदलीत.

मिनेसोटा_रिटर्न (खारघर)

वापरून टाका. जमिनीतून निघाला तेव्हाच तो कुजायच्या रांगेत लागला, घरात ठेवून वाचणार नाही. आंबट असतो, तेव्हा अझेलिया किंवा गार्डेनिया असेल तर तिथे घाला. पुढच्या वेळी साधं कोकोपीट घ्या, नारळाच्या सोडणाचं. फक्त आधी दोन पाण्यांनी धुवा, खारटपणा असतो.

आणि पीट एकदा पूर्ण वाळला की पाणी झिडकारतो, म्हणून ते बशीत जातंय. वरून ओतू नका. कोमट पाण्याच्या टबात कुंडी ठेवा, खालून पिऊ दे.

बाल्कनीवाली (कोलशेत, ठाणे)

ठेवली. पहिली वीस मिनिटं कुंडी टबात चक्क तरंगत होती, वर हात ठेवून बसावं लागलं. आत्ता कुठे मातीचा रंग काळा होतोय, तोही फक्त खालून चार बोटं.