राहत्या घरात काम काढलं तेव्हा... (अनुभव धागा)

मंडळी, आम्ही शेवटी काम काढायचं ठरवलंय. बाबांनी बांधलेलं घर, खाली तीन खोल्या आणि वर गच्ची. मागच्या बाजूला एक खोली आणि वर एक मजला, ही चर्चा गेली तीन वर्षं दर रविवारी होते आणि दर रविवारी बाबांच्या "आहे त्याला काय झालंय?" वर संपते. या वेळी मात्र तेच म्हणाले काढा काम, गुडघ्यांमुळे त्यांना खोलीला लागून संडास-बाथरूम हवंय. तर तुमचे अनुभव लिहा. तयार घराचे फोटो नकोत, ते बघून बघून डोळे दमले. फसलेलं सांगा. जुन्या भिंतीला हात लावल्यावर काय निघालं, आधी काय विचारायला हवं होतं, आणि काम चालू असताना घरातच राहिलात की बाहेर गेलात. कसंही लिहा, तुकड्यात लिहिलं तरी चालेल.

*

राहू नका. बास.

*

मागची खोली म्हणालात म्हणून लिहितोय, कारण आमचीही मागचीच होती. जुनं घर तीसेक वर्षांचं, त्याचा पाया जेवढा बसायचा तेवढा बसून झालेला. नवी खोली जिथे घेतली तिथे पूर्वी खड्डा होता आणि तो कधीतरी भराव टाकून बुजवलेला, हे घरात सगळ्यांना माहीत होतं पण कोणी बोललं नाही, मीही नाही. मिस्त्रीने नवी भिंत जुन्या भिंतीला दात काढून सांधली, वरून एकसंध गिलावा मारला, रंग लावला, एकदम झकास. पहिला पाऊस गेला आणि बरोबर सांध्यावर उभी केसाएवढी चीर. पुट्टी भरली. परत आली. परत भरली, आता नखाएवढी, आणि वर रुंद खाली बारीक. मिस्त्रीचं एकच, "काही होत नाही साहेब, प्लास्टरची चीर आहे."

मग एका इंजिनिअरला बोलावलं. त्याने काही तोडलं-फोडलं नाही, चिरेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना पक्की चिकटवली, शेजारी पेन्सिलने तारीख लिहिली आणि गेला. दीड महिन्यात काच तडकली, म्हणजे खोली अजून खाली बसत होती. तो म्हणाला जुनं बसलेलं आणि नवं बसणारं असं बांधून ठेवलं की कुठेतरी तुटणारच, त्यापेक्षा पायापासून वरपर्यंत मुद्दाम फट ठेवायची, ती लवचिक सीलंटने भरायची आणि वरून पट्टी मारून झाकायची, म्हणजे दोघं आपापल्या गतीने बसतात. आम्हाला हे नंतर करावं लागलं, गिलावा फोडून. चिरेला आता चार वर्षं झाली, वाढलेली नाही. पण पाहुणे आले की आई अजून तिथे कपाटाचं दार उघडं ठेवते, दिसू नये म्हणून.

*

'राहू नका'ला अनुमोदन, पण आम्हाला शक्यच नव्हतं. सासूबाईंचे उपचार चालू, मुलगा अडीच वर्षांचा, आणि भाड्याने जागा घेतली तर कामाला पैसे कुठून उरणार. दीड महिना सांगितलेलं काम साडेचार महिने चाललं. धूळ कुठे जाते हे मला विचारा, बंद कपाटातल्या घडीच्या कपड्यांत जाते, फ्रिजच्या मागच्या जाळीत जाते, गोळ्यांच्या डबीत जाते. प्लास्टिकचा कागद दाराला लावला तर तो वाऱ्याने फुगून सुटतो, जुनी चादर ओली करून लावली ती त्यातल्या त्यात टिकली.

सगळ्यात मोठी चूक सांगते. घरात दोन संडास होते, प्लंबर म्हणाला एका दमात दोन्ही होऊन जातील, आणि मी हो म्हटलं. नऊ दिवस! नऊ दिवस शेजाऱ्यांकडे, त्यात अडीच वर्षांचं पोर आणि आजारी बाई. एक पूर्ण तयार होऊन त्यात पाणी पडेपर्यंत दुसऱ्याला हातोडा लावू देऊ नका, कोणी काहीही सांगो.

एक मात्र झालं, सासूबाई आणि मी इतके महिने एकाच खोलीत, तेव्हा त्यांनी वही घातली. किती माणसं आली, कोण कधी गेलं, सिमेंटच्या किती गोणी उतरल्या आणि किती फुटल्या. शेवटच्या हिशोबाला काँट्रॅक्टर त्या वहीला घाबरत होता, मला नाही.

*

एकच सांगतो. झिऱ्या (भिंतीत कोरलेल्या खाचा) मारून पाइप आणि वायर टाकून झाली की गिलावा करण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो, टेप भिंतीला लावून. आमच्याकडे पंखा नाही, पडदा नाही, साधा आरसा लावताना पाइप फुटला.

*

वर मजला म्हणालात तिथे जरा थांबा. घर कशावर उभं आहे ते आधी बघितलंत का? कॉलम-बीम आहेत की भिंतींवरच स्लॅब टेकलाय? आमचं दुसरं निघालं. दादाला हॉल मोठा हवा होता म्हणून मधली भिंत काढायची आणि वर दोन खोल्या घ्यायच्या, वहिनीने तर सोफ्याचं मापसुद्धा काढून ठेवलं होतं. ती मधली भिंत म्हणजेच अर्ध्या स्लॅबचा आधार. अंदाज यावा म्हणून सांगतो, पाच इंची स्लॅबचा एक चौरस मीटर तुकडा तीनशे किलोच्या वर भरतो, आणि गच्चीवर हजार लिटरची टाकी भरली की ते एक टन, टाकी सोडून. भिंत वाजवून बघून कळतं असं सांगणारे भेटतील, नाही कळत. नऊ इंची भिंत असेल तर तिच्यावर भार आहे असंच धरून चाला, पण चार इंची आहे म्हणजे बिनधास्त पाडा असंही नाही. पायाशेजारी एखाद-दोन ठिकाणी खड्डा घेऊन तो किती खोल आणि किती रुंद आहे ते इंजिनिअरला बघायला लावा. अर्ध्या दिवसाचं काम. आम्ही भिंत ठेवली, त्यात दार होतं ते वर लोखंडी बीम देऊन थोडं रुंद केलं, त्याच्या आधी दोन्ही बाजूंनी टेकू. वहिनी तीन महिने कोणाशी धड बोलली नाही.

*

जिन्याबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून. आमचा जिना ओतला तेव्हा सगळ्या पायऱ्या सात इंच, एकदम व्यवस्थित, मी स्वतः मोजल्या. नंतर खालच्या आणि वरच्या दोन्ही मजल्यांवर फरशी आली, मसाला धरून दोन इंच. पायऱ्यांवर मात्र एक इंचाचा दगड. आता हिशोब करा, पहिली पायरी झाली सहा, शेवटची झाली आठ, मधल्या सगळ्या सात. दिसायला काही नाही, पण पाय शेवटच्या पायरीला अडकतो. पहिल्या महिन्यात माझे वडील, मग मी, मग हातात बादली घेऊन मावशी. आधी ठरवा मजल्यावर किती जाडीचा थर येणार आहे, आणि मग जिन्याची फळी लावू द्या. आणि हो, जुन्या फरशीवरच नवी फरशी बसवताय का? सगळी दारं खालून कापावी लागतील, आणि बाथरूमचा उंबरठा बघा, आमच्याकडे बाहेरची फरशी वर आली आणि बाथरूमचं पाणी बाहेर यायचं का आत जायचं या विचारात पडलं.

*

वरच्यांचं वाचून हसू आलं, पण बाथरूमचं खरंच मनावर घ्या, बाबांसाठी आहे ना. वॉटरप्रूफिंग झालं की फरशी बसवायच्या आत ट्रॅपला, म्हणजे पाणी जायच्या भोकाला, बोळा घालून दोन दिवस पाणी भरून ठेवायचं, भिंतीवर पाण्याच्या पातळीची रेघ मारायची, आणि रोज खालच्या खोलीत जाऊन छत बघायचं. तळमजल्यावर असेल तर शेजारच्या भिंतीच्या बुडाशी ओल येते का ते बघा. आमचा माणूस म्हणाला सकाळी भरलं आणि संध्याकाळी सोडलं तरी पुरे. पुरलं नाही. फरशी पुन्हा उखडली तेव्हा त्याच शेडची फरशी मिळेना, बॅच बदलली होती, आता न्हाणीघराचा एक कोपरा किंचित पिवळट आहे. सुरुवातीलाच चार-पाच जास्तीच्या फरश्या घेऊन माळ्यावर टाका. आणि आधाराचे दांडे नंतर लावू म्हणून सोडू नका, कुठे येणार ते आत्ताच ठरवा, तेवढ्या जागी भिंत भरीव हवी. पोकळ ब्लॉकमध्ये मारलेला स्क्रू माणसाचा भार घेत नाही.

*

लाइट. जुन्या घराचे बोर्ड उघडले तर तीन पिनांचे सॉकेट होते पण अर्थिंगची वायर आत कुठेच जोडलेली नव्हती, नुसतं भोक. इतकी वर्षं आम्ही त्यात गीझर लावत होतो. नव्या भागाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइट तोडणारा ब्रेकर) बसवला, आणि जुना भागही त्याच्यावर घेतला तर दर तासाला ट्रिप. वायरमन म्हणे ब्रेकर खराब आहे, काढून टाकू. ब्रेकर नीट होता, जुन्या वायरिंगमध्ये दोन सर्किटांचा न्यूट्रल एकमेकांत मिसळलेला होता. ते शोधायला दीड दिवस गेला. कोणी 'काढून टाकू' म्हणालं तर आधी त्याला काढा.

*

आमचे सासरे पहाटे साडेपाचला उठून स्लॅबवर पाणी मारायचे. चौदा दिवस, एकही चुकवला नाही. काँट्रॅक्टरचा मुकादम पाचव्या दिवशी म्हणाला बास झालं, आता कडक झालाय. सासरे म्हणाले कडक तर पाव पण होतो. काँक्रीटची ताकद २८ दिवसांवर मोजतात आणि त्यातले पहिले दिवस पाणी मिळालं नाही तर ते नंतर देऊन भरून निघत नाही, हे त्यांना कुठून माहीत काय माहीत, ते आयुष्यभर पोस्टात होते.

*

धाग्याच्या विरुद्ध लिहितोय. आम्ही वाढवलंच नाही. नकाशा झाला, परवानगीचे कागद झाले, मग एका दुपारी बायको म्हणाली आपण ही खोली नक्की कोणासाठी बांधतोय? मुलगी दोन वर्षांनी शिकायला जाणार. आम्ही माळ्यावरचं सगळं सामान खाली काढलं आणि त्यातलं निम्मं देऊन टाकलं, एक खोली मिळाली. ज्यांना खरंच गरज आहे त्यांच्यासाठी हे नाही, बाबांच्या बाथरूमला तर नक्कीच नाही.

*

रेट ठरवताना लिहून घ्या की राडारोडा कोण उचलणार. आमच्या दारात दोन महिने ढीग होता आणि दोघं एकमेकांकडे बोट दाखवत होते.

*

सगळ्यांचे आभार, प्रत्येक प्रतिसाद घरात मोठ्याने वाचला. पायाचा खड्डा काल घेतला. इंजिनिअर म्हणतो या पायावर पूर्ण मजला नको. फारच हवा असेल तर स्वतंत्र कॉलम घेऊन करता येईल, ते गणित करून सांगणार आहे. मागची खोली आणि बाथरूम मात्र नक्की, जुन्या घरापासून फट ठेवून. बाहेर जागा बघतोय, आई तयार नाही. बाबा कालपासून खड्ड्याशेजारी खुर्ची टाकून बसलेत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतायत की मी तेव्हाच म्हटलं होतं आणखी दोन फूट खाली जा, पैसे संपले होते म्हणून नाही गेलो.

खड्ड्यातून निघालेली माती आणि दगड दारात पडलेत. ते कोण उचलणार हे ठरवलेलंच नाही, आत्ता लिहिताना लक्षात आलं.